पायरी भिजली नाही

लखनौच्या आलमबागेत आमचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ आहे. तिथे पाण्याचे सगळे शॉट आमचा एकच अ‍ॅनिमेटर करतो. बोलतो फार कमी, आणि प्रत्येक वाक्याआधी एकदा खाकरतो. त्याच्या टेबलावर कायम भरलेला तांब्या असतो. त्यातलं पाणी मात्र तो कधी पीत नाही.

गेल्या आठवड्यात एका जाहिरातीत बाई पायरीवर बादली ओतते, असा शॉट होता. स्क्रीनवर थेंब इतके सुरेख उडाले की मी तिथल्या तिथे पास केला. तो खाकरला.

"मॅडम, छींटे तो ठीक हैं, पर सीढ़ी भीगी नहीं."

खरंच, एवढं पाणी पडूनही पायरी कोरडीठाक होती.

"अरे भैया, कौन देखेगा? शाम को भेजना है," मी म्हटलं.

तो तांब्या घेऊन बाहेर गेला. ऑफिसच्या पायरीवर त्याने पाणी फेकलं आणि ती सुकेपर्यंत उन्हात उकिडवा बसून राहिला. मग आत येऊन त्याने थेंब निम्मे केले, आणि जिथे थेंब पडेल तिथे ओल उमटून कडेकडून सुकेल, असं सॉफ्टवेअरमध्ये बसवलं.

शॉट संध्याकाळीच गेला.

हल्ली काहीही पास करण्याआधी मी त्याच्या खाकरण्याची वाट पाहते.