मास्तरांचा गोल

समोर असला की मी त्याला अहो-जाहो करते. भावोजी बसा, भावोजी पाणी देऊ का, सगळं रीतसर. लिहिताना मात्र ते जमणार नाही. एकतीस वर्षं मी माझ्या बहिणीला या माणसाबरोबर संसार करताना पाहिलंय, आणि त्याला एवढा मान देणं माझ्या जिवावर येतं.

तसा माणूस सरळ. वजनमापे खात्यात निरीक्षक. आठवडाभर दुकानादुकानांतले काटे तपासतो, लोखंडी वजनं उलटी करून तळाचं शिसं बघतो, आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचा रेफरी. दारू नाही, सिगारेट नाही, कसली लफडी नाहीत. आई तर जाईपर्यंत जावयाचे गोडवे गात होती. तिला त्याच्याबरोबर राहावं लागलं नाही. ताई चहात साखर घालायला लागली की चमचा सपाट आहे की शिगोशीग, हे बघायला हा ओट्याशी येऊन उभा राहतो.

ताईचा आवाज चांगला आहे. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. जुन्या चर्चच्या क्वायरमध्ये ती वीस वर्षं गात होती. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी पाळकांचं प्रवचन लांबलं. हा तिसऱ्या रांगेत उठून उभा राहिला आणि सगळ्यांदेखत मनगटावरचं घड्याळ बोटाने ठोकून दाखवलं. पाळक वाक्य अर्धवट सोडून खाली बसले. त्यानंतर क्वायरमध्ये ताईला कोणी सरकून जागा देईना. दोन-तीन रविवार ती कडेला उभी राहिली आणि मग जाणंच सोडलं. त्याला ना खेद ना खंत. तेव्हापासून ती फक्त भांडी घासताना गाते, नळाच्या आवाजाखाली.

म्हणून पुलापलीकडचं नवीन चर्च उघडणार म्हटल्यावर तिने दिवस मोजायला सुरुवात केली. तिथली क्वायर बसवायचं काम संगीताच्या एका निवृत्त मास्तरांकडे होतं. त्यांनी तिला निरोप पाठवला होता, "रविवारी दोघंही या. उपासना सुरू व्हायच्या आधी आवाज ऐकतो." तिने मला फोनवर तो निरोप तीनदा वाचून दाखवला. त्यातलं "दोघंही" तिला फार आवडलं होतं. क्वायरमधून समोर बघितल्यावर नवरा बसलेला दिसावा, एवढीच त्या बाईची इच्छा. कप्पाळ.

आदल्या दिवशी, शनिवारी, आमच्या भागातल्या फुटबॉल क्लबला पन्नास वर्षं पूर्ण झाल्याचा समारंभ होता. बँड, पताका, लाउडस्पीकर आणि शेवटी दरवर्षीचा जुन्या खेळाडूंचा सामना. या सामन्याची आमच्याकडे एक पद्धत आहे. शेवटच्या मिनिटाला एक पेनल्टी द्यायची, ती सगळ्यात जुन्या खेळाडूने मारायची, आणि गोलकीपरने मुद्दाम उलट्या बाजूला उडी घ्यायची. यंदा सगळ्यात जुने म्हणजे तेच मास्तर. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. आणि रेफरी कोण? आमचे भावोजी.

सकाळी तो बूट घालत होता तेव्हा ताई त्याला म्हणाली, "अहो, आज मास्तरांचा गोल आहे. तेवढं सांभाळून घ्या."

"सांभाळायला मी काय दाई आहे?" तो म्हणाला.

मास्तर तीन पावलं धावले. तिसऱ्याला पाय घसरला, चेंडू उजव्या पायाला लागून डाव्या पायावर आपटला आणि रमतगमत जाळ्यात गेला. गोलकीपर शहाण्या मुलासारखा दुसऱ्या कोपऱ्यात पडून राहिला. बँड सुरू झाला. मास्तरांनी दोन्ही हात वर केले, त्यांची नातवंडं मैदानात धावली.

तेवढ्यात शिट्टी. "चेंडूला दोनदा पाय लागला. गोल नाही."

लोक आधी हसले. त्यांना गंमत वाटली. हा हसत नाही हे दिसल्यावर लाउडस्पीकरवरून आवाज आला, "साहेब, जाऊ द्या की!" याने नातवंडांना मैदानाबाहेर काढलं आणि समोरच्या संघाला फ्री किक दिली. कोणीतरी पाण्याची बाटली भिरकावली. मास्तरांचे हात वरच राहिले होते. ते त्यांनी हळूहळू खाली घेतले. ताई माझ्या शेजारी उभी होती. ती वळून फाटकाकडे चालायला लागली.

ताईच्या घरी आल्यावर मीच तोंड उघडलं. "भावोजी, कुणाचं काय बिघडत होतं?"

"नियम म्हणजे नियम. सत्कार असला तरी."

"मग उद्या तिने तिथे कुठल्या तोंडाने जायचं?"

"ज्या तोंडाने गाते त्याच," असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर हसला. माझ्या हातात स्टीलचा पेला होता. तो मी टेबलावर ठेवला, एवढंच माझं पुण्य.

तरी रविवारी आम्ही तिघं वेळेआधी गेलो. भिंतींना ताज्या रंगाचा वास, खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून तसंच. आम्ही ज्या रांगेत शिरू तिथल्या रिकाम्या खुर्चीवर कोणीतरी पर्स ठेवायचं. चौथ्या रांगेत जागा मिळाली. मास्तर पुढे कीबोर्डपाशी बसले होते. भावोजी तडक त्यांच्याकडे निघाला, तशी ताईने माझा हात घट्ट धरला. तिला वाटलं, माफी मागतोय. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं.

याने खिशातून नियमांची पुस्तिका काढली आणि पान उघडून त्यांच्यापुढे धरली. "सर, हे वाचा. काल तुमचा दुसरा पाय लागला होता."

मास्तरांनी पुस्तिकेकडे बघितलंसुद्धा नाही. "लागला होता. मला तेव्हाच कळलं. गोलकीपरला कळलं. माझ्या बायकोला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तिलाही कळलं. अख्ख्या मैदानाने बघितलं होतं, साहेब. आपल्या एकट्यालाच दिसलं असं फक्त तुम्हाला वाटलं."

त्याने पुस्तिका मिटून परत खिशात घातली. मी हे पहिल्यांदाच बघत होते आणि मला ते गोड लागलं. कान लाल करून तो परत आला आणि ताईला म्हणाला, "ऊठ. घरी जाऊ."

ताई उठली. पर्स खांद्याला लावली. संपलं, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात मास्तर तिथूनच म्हणाले, "बाई, तुमचा आवाज ऐकायचा राहिलाय."

ताईने पर्स काढून माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्हाला जायचं तर जा," ती त्याला म्हणाली, "मी थांबते."

तो गेला. ती पुढे जाऊन गायली. पहिली ओळ कापरी आली, दुसरी सावरली, तिसरीला सगळ्या खुर्च्या गप्प झाल्या. मास्तरांनी कौतुक वगैरे केलं नाही. "गुरुवारी साडेपाचला सराव. वही आणा," एवढंच म्हणाले.

उपासना संपवून आम्ही बाहेर आलो तर तो गाडीला टेकून उन्हात उभा होता. "काय म्हणाला म्हातारा?"

"गुरुवारी बोलावलंय," ताई म्हणाली. "मी एकटी जाईन. रविवारीही एकटीच येईन. तुम्ही येऊ नका."

त्याने माझ्याकडे बघितलं, मीच पढवल्यासारखं. मी काही पढवलेलं नव्हतं. पुढचं दार त्याने उघडून धरलं होतं, पण ती मागे माझ्या शेजारी येऊन बसली.

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. शाबास म्हणायला मी तिच्याकडे वळले, तर ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. तो चुकला म्हणून नव्हे, आता तो समोर बसलेला दिसणार नाही म्हणून. एवढं सगळं होऊनही त्याच्यासाठीच. त्यासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.