तिबांगची साक्ष

कोर्टाचं समन्स आलं त्या दिवसापासून तिबांगला झोप लागेना. गावातली निम्मी पोरं तिनं स्वतःच्या हातांनी जगात आणलेली. सुईणीच्या नोकरीतून निवृत्त झाली तेव्हा त्यांच्याच आयांनी तिला नगर परिषदेवर निवडून दिलं. बाळ आडवं आलं तरी न डगमगणारी बाई; पण आता फाटक वाजलं की ती दचकायची.

भानगड कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्याची होती. मालक मोहिंग याप. त्याच्या भिंतीला लागून नवी शाळा उभी राहिली होती. फिएस्ताच्या, म्हणजे गावजत्रेच्या, आठवड्यात झुंजी रोज चालतात. अशाच एका दुपारी पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधलेला एक कोंबडा निसटला आणि भिंतीवरून शाळेच्या अंगणात उतरला. त्यानं दुसरीतल्या एका मुलीची पोटरी चिरली. टाके तिबांगनंच घातले. आणि ती काती बांधली होती तिच्याच नवऱ्यानं, कासियानोनं. कोंबड्यांना काती बांधणं हाच त्याचा धंदा.

परिषदेनं परवाना रद्द केला, त्यात तिबांगचा हात सगळ्यांत आधी वर गेला. पण मेयरनी फार घाई केली होती. मोहिंगला ना नोटीस, ना बोलावणं. तो आपणहून सभेच्या दारात आला, तर शिपायानं त्याला हाताला धरून बाहेर काढलं. मोहिंगनं परिषदेवर दावा लावला. परिषद म्हणाली, आम्ही त्याचं म्हणणं ऐकून घेतलं होतं. बाकीचे सदस्य कोर्टात तसं सांगूनही आले. राहिली तिबांग.

साक्षीच्या आदल्या दिवशी मेयर स्वतः घरी आले.

"तिबांगबाई, तुम्हाला फक्त 'हो' म्हणायचंय. एक शब्द."

"पण त्याला आत कुठं घेतलं होतं आपण?"

"त्या पोरीला टाके कुणी घातले? तुम्ही. उद्या आखाडा उघडला आणि दुसरी पोर सापडली तर? आणि लोक काय म्हणतील? नवऱ्याच्या पोटासाठी फिरली."

ते गेल्यावर कासियानो परसातून आत आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. आखाडा बंद झाल्यापासून तो बायकोशी कामापुरतंच बोलत होता.

"काय सांगणार आहेस?"

"तू विचारू नकोस. तुला सांगितलं तर ते तुझ्यासाठी केल्यासारखं होईल."

"वा! एवीतेवी गाव म्हणणारच. मग निदान माझा फायदा तरी होऊ दे!" असं म्हणून तो हसला. तिला मात्र हसू आलं नाही. त्या मुलीची पोटरी डोळ्यांसमोरून हटत नव्हती. खरं बोलावं तर आखाडा उघडतो, खोटं बोलावं तर शाळा वाचते. देवानं हे असं उलटंपालटं का करून ठेवलंय, हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. मागच्या बाकावर त्या मुलीची आई बसली होती. मोहिंगच्या वकिलानं विचारलं, "त्याला बोलू दिलं होतं का?"

"नाही," तिबांग म्हणाली. आवाज इतका खोल गेला होता की न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. "नाही, साहेब. तो दारात आला होता. आम्ही त्याला हाकललं. मीही गप्प बसले."

परिषदेचा ठराव रद्द झाला. मोहिंगचं रीतसर म्हणणं ऐका आणि मग काय ते ठरवा, असा हुकूम निघाला. तोवर आखाडा चालू. बाजारात मासेवाली तिबांगला सुटे पैसे देताना तोंड फिरवू लागली. शाळा सुटायच्या वेळी तिबांग रोज त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहायची, जिवाचा कान करून. कुणी विचारलं तर म्हणायची, "पाय मोकळे करतेय."

सुनावणीला मोहिंग आला, हवं तेवढं बोलला. वाडवडलांचा धंदा, आखाड्यावर पोसलेली घरं, सगळं सांगितलं. भिंत उंच करतो म्हणाला. तिबांगनं शेवटपर्यंत ऐकलं. मतदानाच्या वेळी तिनं पुन्हा आखाड्याविरुद्ध हात वर केला. एका मतानं आखाडा बंद झाला.

मोहिंग बाहेर तिच्यासमोर थांबला. "बाई, तुम्ही मला वाचवलंत की बुडवलंत?"

"तुला बोलू दिलं," ती म्हणाली. "माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं."

त्यानं वरच्या कोर्टात अपील केलंय, ते अजून लोंबकळतंय. कासियानो आता शेजारच्या गावी काती बांधायला जातो. पहिल्या रविवारी तो वाट्याला आलेली हरलेल्या कोंबड्याची तंगडी घेऊन आला आणि ओट्यावर ठेवत म्हणाला, "तिकडचा आखाडा शाळेपासून लांब आहे. बघून आलोय."

तिनं आल्याचा तुकडा ठेचायला घेतला. मतदानानंतरच्या महिन्याभरात तो आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं.