दिसलं तेच लिहायचं

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे रीडिंगबाई म्हणत. हुद्दा सहायकाचा, पण दरारा प्राचार्यांना लाजवील असा. दरवर्षी तीन रंगद्रव्यांची द्रावणं त्याच करून ठेवत: गुलाबी, जांभळं, निळं. मुलं ती चौकोनी काचपात्रात भरून यंत्रात ठेवत आणि कोणता प्रकाश किती शोषला जातो ते मोजत. मग गणित. रेणूतली कार्बनची साखळी जितकी लांब, तितकं इलेक्ट्रॉनला हुंदडायला अंगण मोठं, आणि तितका तो लाल बाजूचा प्रकाश गिळतो. पण गणिताचा आकडा यंत्राच्या आकड्याशी तंतोतंत कधी जुळत नाही. मुलांनी खोडरबर काढलं की बाई हजर. "गणित चुकलं तर चुकू दे. दिसलं तेच लिहायचं." मी तिथं शिकवायचो, तरी माझ्याही वहीवर त्यांनी एकदा लाल रेघ मारली होती. मला राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जरा जास्तच.

त्यांचा धाकटा भाऊ शिंपी. आई गेल्यावर बाईंनीच त्याला लहानाचा मोठा केला. चाळिशीत त्याची नजर कडेकडेनं विझायला लागली. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी मरताहेत, उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिथं प्रकाश टिपणारं एक द्रव्य असतं, असं ते समजावू लागले, तर बाईंना ते पाठच होतं. तेही तशाच साखळीचं रंगद्रव्य. घरी जाऊन त्यांनी वेड्यासारखं त्याचं गणितही मांडलं.

"एवढं सगळं कळतं हो मला," त्या मला म्हणाल्या, "आणि काडीचा उपयोग नाही."

मी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला.

पुढं त्यानं एका गिऱ्हाइकाचा निळा झगा हिरव्या दोऱ्यानं शिवला. त्याच आठवड्यात तो बाकांना हात लावत लावत प्रयोगशाळेत आला. मी वह्या तपासत होतो. यंत्र चाचपून त्यानं विचारलं, "ताई, माझ्या डोळ्यात अजून किती उरलंय, ते यात मोजता येईल?"

"त्याचं आधी द्रावण करावं लागतं रे. डोळ्यातून बाहेर काढून."

"मग राहू दे," तो हसला. त्यानं बाकावरची द्रावणाची एक बाटली उचलली आणि खिडकीसमोर धरली. हा रंग ओळखला तर दुकान चालू ठेवायचं, नाहीतर सोमवारपासून बंद, असं त्यानं जाहीर केलं.

बराच वेळ बघून तो म्हणाला, "हिरवा."

बाटली निळी होती. मी वहीत डोकं घातलं. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

त्यानं बाटली जपून खाली ठेवली.

"पोरांना बरोबर म्हणायला तुला इतका वेळ लागतो का गं, ताई?" तो म्हणाला. "सोमवारी ये. रिळं आवरायचीत."