वरचं दुकान, खालचं दुकान

तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नवऱ्याचा डबा भरून उशाशी ठेवायचा आणि अडुसष्ट पायऱ्या उतरायच्या. नवरा गवंडी. परांचीवरून पडून त्याची कंबर गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. काठी टेकत तो खोलीतल्या खोलीत फिरायचा, पण चौथा मजला उतरणं त्याला जमत नव्हतं. दोन वर्षांत त्याच्या पायाला रस्ता लागला नव्हता. तळमजल्यावर खोली घ्यायची, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं. एका पगारात ते होणार नव्हतं, म्हणून दोन दुकानं.

दोन्हीकडे माल एकच. पाव, चीज, भाजलेल्या मांसाचे थंड काप, बटाट्याचं सॅलड. सकाळी चढावरचं दुकान, दुपारी उतारावरचं.

वरच्या मालकाला सगळे ग्रॅमशेठ म्हणत. तिथे काप यंत्रावर निघत. दांडा पुढे ढकलायचा, मागे ओढायचा, दुपारपर्यंत हेच. मग काट्यावर ठेवायचं आणि जास्त झालेला काप परत उचलायचा. ग्रॅमशेठ लांबून आकडा वाचायचा. त्याची नजर घारीची होती आणि पगार एक तारखेला हातात पडायचा.

खालचं दुकान काकूंचं. तिथे सुरीने कापायचं. काकू बुटक्या, म्हणून ओटा बुटका. ही उंच, म्हणून दुपारभर वाकलेली. काटा होता, पण नेहमीच्या गिऱ्हाइकापुढे तो वापरायचा नाही. अंदाजाने कापायचं आणि वर एक काप जास्त टाकायचा.

"दोन्हीत बरं कुठलं गं?" शेजारीण विचारायची.

"सकाळी खांदा जातो, दुपारी कंबर. तूच सांग."

एका दुपारी ती उभ्याउभ्या पेंगत होती. ड्रायव्हरकाका आले. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, अठरा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. तिने काप काढले, काट्यावर ठेवले, आकडा पाहिला आणि वरचा काप उचलून परत ताटात टाकला. हात थांबल्यावर तिला कळलं, आपण खालच्या दुकानात आहोत.

काकांनी पुडा घेतला नाही.

"वरच्या दुकानाची हवा लागली म्हणायची," ते म्हणाले. "आमचा पण हिशोब चोख ठेवा हो." आणि पायरी उतरून गेले.

काकू गल्ल्यावरून उठल्या. "माझा नवरा गेला तेव्हा चार दिवस दुकान त्यांनी उघडलं होतं. त्यांच्या तोंडावर काप काढून घेतलास?"

"काकू, हात चुकला."

"चुकला नाही. तुझा हात तिकडचा झालाय. एक दुकान धर. एक सोड."

सोडायचं तर खालचंच सोडावं लागलं असतं. तिथला पगार कमी. पण वरच्या पगारात घर चालायचं आणि खालचा सगळा खोलीसाठी बाजूला पडायचा. तो थांबला की खोलीही गेली.

"तीन महिने द्या," ती म्हणाली. "खोलीची अनामत जमेपर्यंत. गिऱ्हाइकापुढे उभी करू नका, पण काम द्या."

काकूंनी मागच्या दाराकडे बोट केलं. "मागे भांडी आहेत. घासणारी मागच्याच आठवड्यात पळाली. का पळाली, ते कळेल तुला."

कळलं. गुडघ्याएवढी चार पातेली, चरबी धरलेले तीस-एक ट्रे, आणि बादलीने वाहायचं गरम पाणी. खांदा आणि कंबर होतीच, आता बोटांची सालं निघाली. पुढून ड्रायव्हरकाकांचा आवाज यायचा. ते पुन्हा येऊ लागले होते. एकदा ती हात पुसून दारापर्यंत गेली आणि तिथूनच परतली. काय सांगणार, दमले होते म्हणून? दमलेलं कोण नव्हतं?

घरी नवरा म्हणाला, "सोड ते. मला इथे काय कमी आहे?"

"रस्ता," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून झोपली.

तीन महिन्यांचे चार झाले. काकूंनी ते बोलून दाखवलं नाही.

मग दोन गवंडी मित्रांनी नवऱ्याला खुर्चीत बसवून खाली आणलं. दर मजल्याला खुर्ची टेकवत, एकमेकांना शिव्या देत. तिच्या पगारातून मिळाली ती एक खोली. ओल धरलेली, एका खिडकीची, मोरीचा उतार उलटा. दाराला मात्र एकच पायरी होती, आणि त्या पायरीपुढे रस्ता.