पावणेबाराचं विमान

चूक नागसेनमामांनी केली, आणि तीही कॅलेंडरवर, लाल पेनानं. भाची क्रांती नर्सच्या नोकरीला लंडनला निघालेली. तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ सकाळी साडेसहा, पोचायची पावणेबारा. एकतीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गाड्यांच्या वेळा सांभाळलेल्या माणसानं सरळ वजाबाकी केली आणि बहिणीला, आक्काताईला, ठणकावून सांगितलं, "सव्वापाच तास. पावणेबाराला पोरगी लंडनात."

"लांब किती हाय?"

"सात हजार दोनशे किलोमीटर."

"अगं बया! आपली मुंबईची गाडी नऊ तास घेती की रं!"

"विमान हाय ते आक्का. त्येला खंबाटकीचा घाट लागत न्हाय."

आक्काताईनं ठरवून टाकलं, पोरीचा फोन येईपर्यंत तोंडात घास घालायचा नाही. साखरेच्या आजाराची सकाळची गोळी मात्र तिनं घेतली होती.

बारा वाजले. साडेबारा. क्रांतीचा फोन बंद. मामांचा हिशोब ठरलेला : गाडी अर्धा तास उशिरा म्हणजे गर्दी, तासभर म्हणजे पंक्चर, त्यापुढं वाटेतल्या स्टँडला फोन. एकदा असाच फोन लावला होता, तेव्हा पलीकडच्या माणसानं आधी विचारलं होतं, "गाडीत तुमचं कोण हाय का?" तो प्रश्न आज पुन्हा कानात घुमला. आभाळात कुठल्या स्टँडला फोन लावायचा?

दीड वाजता आक्काताईच्या कपाळावर घाम आला. हात थरथरत होते. "नागसेन, खरं सांग. तुला काय कळलंय का?"

"लेट हाय. व्हतं असं."

हे वाक्य मामांनी आयुष्यभर प्रवाशांच्या तोंडावर फेकलं होतं. पण तेव्हा मध्ये खिडकीची जाळी असायची.

मामा तिकिटाची झेरॉक्स घेऊन जिना उतरले. खाली आफशीन राहायची, शाहूपुरीतल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात कामाला, जेवायला घरी आलेली. तिकीट बघून ती हसली. मामांचा चेहरा बघून थांबली.

"मामा, पावणेबारा तिथल्या घड्याळात. ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. हितं सव्वाचार वाजतील. अजून वरच हाय की ती!"

मामा पायरीवर बसले. "सव्वाचारला उतरली, तर तुला आईस्क्रीम कॉकटेल, फळं-बिळं घातलेलं. मोठं."

वर जाऊन त्यांनी आधी गुळाचा खडा घेतला. "आक्का, चूक माझी. विमान बरोबर हाय, कंट्रोलर चुकला."

"मुडद्या, मला उगंच मारायला बसलतास व्हय!"

"गूळ खा. गूळ म्हंजी घास न्हवं."

आक्काताईनं खडा चघळला. हात हळूहळू थांबले, पण नजर फोनवरच. सव्वाचार वाजले. साडेचार. पावणेपाच. आता मामांकडं चुकायला वजाबाकीही उरली नव्हती. त्यांनी आक्काताईकडं बघायचंच सोडलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. "आई, मघाच उतरले गं. तपासणीची रांग केवढी!"

आक्काताई रडली आणि मग चार भाकरी जेवली.

त्याला तीन महिने झाले. जिन्यात गाठ पडली की आफशीन विचारते, "मामा, माझं आईस्क्रीम?"

मामा चालता चालताच म्हणतात, "लेट हाय. व्हतं असं."