भाऊकाकांनी स्टॉपर कापला

बिघडलेला सर्वो आमच्यात कुणी फेकत नसे. कधीतरी कामी येईल म्हणून तो बिस्किटांच्या डब्यात जायचा. किस्स्यांचंही तसंच झालं. तेलीबांधा तलावापलीकडचं आमचं रिमोटची विमानं उडवायचं मैदान फ्लॅटांखाली गेलं, डबा मात्र अजून भरलेलाच आहे. उघडला की त्या रविवारांची फार आठवण येते.

सर्वो म्हणजे रिमोटच्या विमानाचं शेपूट वळवणारी, काडेपेटीएवढी मोटर. थोडी डावी-उजवीकडे फिरते आणि अडते, कारण आतल्या चाकावर प्लास्टिकचा खुंट असतो. तो स्टॉपर. तो कापून दोन रेझिस्टर जोडले की सर्वो जवळजवळ दुप्पट फिरतो. आम्ही सगळे कापायचो. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले भाऊकाका तेवढे कापत नसत. म्हणायचे, "कंपनी पागल आहे का? देल्लं तेवढ्यात भागव न!"

*

पंडरी बाजारात कापडाचं दुकान असलेल्या संजूभैयानं एकदा घाईत एकाच बाजूचा रेझिस्टर जोडला. विमान उडालं झकास, पण वळेल तर फक्त डावीकडे! बॅटरी संपेपर्यंत तलावाला घिरट्या घालून पाण्यात गेलं. भाऊकाकांनी चष्मा पुसला. "परिक्रमा झाली. आता प्रसाद वाट."

संजूनं सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

*

एका गणपतीत पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, मंडळासाठी मान हलवणारा उंदीर केला. आलेल्या भक्तांकडे इकडून तिकडे बघायचा. सर्वो आम्ही जरा जास्तच मोकळा केला होता. ऐन आरतीत उंदरानं मान पार मागे फिरवली आणि लोकांना सोडून बाप्पाकडे बघत बसला!

आम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन धावलो, तर भाऊकाकांच्या बायकोनं, काकूंनी अडवलं. "राहू द्या. त्याले ज्याले पाहायचं, त्यालेच पाहून राहिला."

*

पुढे काकूंनी अंथरूण धरलं. पाराभर फिरणारी बाई, पण पलंगावरून उठता येईना. बोलणंही कमी झालं. काका घाबरले. त्यांनी बाहेरच्या खोलीच्या खिडकीत सर्वोवर कॅमेरा बसवला, आतल्या खोलीत पलंगाशेजारी स्क्रीन आणि काकूंच्या हातात फिरवायचं बटण. फाटकापासून हातपंपापर्यंतचा रस्ता दिसायचा. काकू दोन दिवस बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आणखी वळत नाही का हो?"

त्या रविवारी काकांनी संजूकडे ब्लेड मागितलं. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. स्टॉपर त्यांनी स्वतःच कापला. "तिले हातपंपापुढचं मंदिर पाहायचं असंल," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही घरी गेलो. बाहेर मंदिरात भजन रंगलं होतं. काका बाहेरच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून टेबलाशी बसले होते, गुणगुणत जुनी चाकं निवडत. त्यांच्या मागे खिडकीतला कॅमेरा रस्ता सोडून पार आत वळला होता, थेट टेबलाकडे.

बिघडला असेल म्हणून संजूनं तो सरळ करायला हात पुढे केला.

आतल्या खोलीतून काकूंचा आवाज आला, "संजू, राहू दे."