मुक्ताबाईंचं कार्ड

पाटोद्याच्या सरकारी दवाखान्यात मन्मथप्पांनी बावीस वर्षं लोकांची थुंकी तपासली. घरचं किराणा दुकान भावाला देऊन हे काम धरलं, म्हणून सोयरे हसायचे. काचपट्टीवर थुंकी पसरायची, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. लाल काडी दिसली की क्षय. मी शेजारच्या खिडकीत गोळ्या द्यायचो. दोघंही कंटाळलो होतो, पण अप्पांचे डोळे आधी थकले. संध्याकाळी त्यांना कोऱ्या भिंतीवरही लाल काड्या दिसायच्या.

२००५ साली मुक्ताबाई आल्या. त्यांच्या गावात मोबाइलचा टॉवर आला होता, प्यायला पाणी मात्र अजून टँकरचंच. आठ महिने गोळ्या खाऊनही त्यांच्या लाल काड्या जाईनात. गोळ्यांची रिकामी पाकिटं परत द्यायचा नियम होता. बाई ती धुतलेल्या पिशवीत घालून आणायच्या.

"पाकिटं रिकामी हायेत, पण गोळ्या कुठं टाकता? उकिरड्यावर?" अप्पा खेकसले.

"महादेवाची शपत, अप्पा. गिळल्यात."

अप्पांनी बाईंच्या उपचाराच्या कार्डावर लिहिलं, 'गोळ्या नियमित घेत नाही.' आठवड्याची पहिली मात्रा बाई माझ्या डोळ्यांदेखत गिळायच्या. मला बोलता आलं असतं, पण मी मूग गिळून बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

मग पुन्हा पहिल्यापासून औषधं, वर दोन महिने इंजेक्शनं. त्या इंजेक्शनांनी बाईंना ऐकू येईनासं झालं. सुनेनं ताट-वाटी वेगळी केली, अंथरूण ओसरीवर टाकलं. नात प्रियदर्शनी रांगती होती, तिला उंबऱ्याच्या आतच धरून ठेवायचे.

शेवटी एका नव्या डॉक्टरनं बाईंचा नमुना पुण्याला पाठवला. जुने आम्ही कशाला पाठवतोय! चार महिन्यांनी कागद आला. तिथं जंतू वाढवून त्याच्या पोटातली जनुकांची अक्षरं ओळीनं वाचली होती. तो क्षयाचा जंतू नव्हताच. त्याचा चुलतभाऊ होता. पाण्यामातीत राहणारा, माणसाकडून माणसाला सहसा न लागणारा, आणि आमच्या गोळ्यांना दाद न देणारा. काचपट्टीवर दोघांचा चेहरा एकच.

अप्पांनी कागद तीनदा वाचला. "काचेखाली कुणालाच फरक कळला नसता बे," ते मला म्हणाले. "पण कार्डावर लिहिलं ते काय जंतूनं लिहिलं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं त्यांच्या गावाला गेलो. बाई ओसरीवर बसल्या होत्या. शेजारपाजारच्यांना कळू नये म्हणून अप्पा जवळ जाऊन हळू आवाजात सांगू लागले. बाईंनी कानामागे हात धरला.

"मोठ्यानं बोला. तुमच्या सुयांनी कान नेले माझे."

मग अप्पा ओरडले. "तुमी गोळ्या घेतल्या होत्या! मीच चुकलो! तुमाला क्षय न्हवताच! औषधं दुसरी लागतील, पण तुमच्यामुळं घरात कुणाला काई होत न्हाई!" गल्ली गोळा झाली. सून दारात येऊन उभी राहिली. अप्पांचा आवाज चिरकला, तरी ते पुन्हा पहिल्यापासून ओरडले.

बाईंनी एवढंच विचारलं, "मग पोरीला घेऊ का आता?"

"घ्या!"

त्यांनी दोन्ही हात पसरून हाक मारली. प्रियदर्शनी आतून पळत आली आणि उंबऱ्याशी थांबली. बाई हाका मारत राहिल्या. पोरगी आईचा पदर धरून तिथंच उभी राहिली. दीड वर्ष तिला तेवढंच शिकवलं होतं.